पोट लहान झालं, आग्रहाचं काय?

चतुर्थीला डिचोलीतल्या कुठल्याही घरी जा, हातात नेवऱ्यांची बशी येतेच. ‘एक तरी घ्या’ हा आग्रह प्रेमाचा. पण वजन कमी करण्याची शस्त्रक्रिया झालेल्या पाहुण्याला ती एक नेवरीही त्रास देऊ शकते.

खवय्ये म्हणून ओळखल्या जाणाऱ्या नितीन गडकरींनी २०११ मध्ये ही शस्त्रक्रिया करून घेतली. ‘स्लीव्ह’ प्रकारात जठराचा सुमारे ७५ ते ८० टक्के भाग काढतात. ‘बायपास’मध्ये जठराची छोटीशी पिशवी करून ती थेट लहान आतड्याला जोडतात. बायपासनंतर गोड पदार्थ आतड्यात झपाट्याने उतरले, की मळमळ, घाम, धडधड, जुलाब होऊ शकतात.

शस्त्रक्रियेनंतर पहिले साधारण दोन आठवडे फक्त पातळ आहार, मग कुस्करलेलं, मग मऊ. नेहमीचं जेवण यायला दीड-दोन महिने लागतात. इथे आपली पेज आठवते. ती पचायला हलकी खरी, पण तिच्यात प्रथिनं थोडीच. रोज ६० ते ८० ग्रॅम प्रथिनं लागतात आणि पोटात जागा तर चार घासांची! म्हणून पानातला क्रम उलटा करायचा: आधी मासळी, अंडं, मूग किंवा पनीर, मग भाजी, जागा उरली तर शीत. हुमणातला बांगडा आधी, भात शेवटी. पाव आणि मोकळा भात सुरुवातीला अनेकांना अडकल्यासारखे वाटतात. घास बारीक चावून, सावकाश खायचा. सोलकढीसुद्धा जेवणासोबत नको, अर्ध्या तासाने घ्यावी.

बी-१२, लोह, कॅल्शियम, ड जीवनसत्त्व यांच्या गोळ्या डॉक्टरांच्या सल्ल्याने बहुतेकांना कायम घ्याव्या लागतात. बरं वाटतंय म्हणून त्या सोडल्या, तर रक्तक्षय होऊ शकतो. दारू पूर्वीपेक्षा लवकर चढते, हेही लक्षात असू द्यावं.

आणि एक धोका असा, की फरसाण, बिस्किटं, आइस्क्रीम लहान पोटातूनही सहज खाली उतरतात. दिवसभर थोडंथोडं चरत राहिलं, की वजन परत चढतं. शस्त्रक्रिया पोट बदलते. सवय आपल्यालाच बदलावी लागते.

घरच्यांनी एवढंच करावं: लहान वाटी, लहान ताट, आणि पानात उरलं तर ‘आवडलं नाही का?’ असं विचारू नये. कमी वाढणं हाही पाहुणचारच आहे.