बेट नसलेले बेट

सुट्टी जवळ आली की आपल्याकडे सायप्रस, माल्टा, सांतोरिनी यांची चर्चा सुरू होते आणि व्हिसाची कागदपत्रे जमवण्यातच निम्मा उत्साह संपतो. आमचा बेत तसाच फसला, तेव्हा डिसेंबरात दुबईहून तासाभराच्या अंतरावरचे रास अल खैमातले ‘अल जझीरा अल हमरा’ गाठले. अर्थ ‘लाल बेट’.

एके काळी भरतीला हे गाव पाण्याने वेढले जाई. पुढे भराव पडला आणि बेट नावापुरते उरले. वस्ती झाब जमातीची, धंदा मोत्यांचा. आखाती मोत्यांची मोठी बाजारपेठ म्हणजे आपली मुंबई, आणि १९६६ पर्यंत इथे चलनही रुपयाच होते! जपानी संवर्धित मोत्यांनी हा धंदा बसवला. १९६८ च्या सुमारास बहुतेक कुटुंबे अबू धाबीला निघून गेली.

भिंती जरूर पाहा. त्या समुद्रातून काढलेल्या प्रवाळदगडाच्या आहेत. दगडात असंख्य छिद्रे, छिद्रांत हवा. हवा उष्णतेची मंद वाहक, म्हणून आत गारवा. एका घरावर वारा खाली ओढणारा मनोराही आहे. (अभियांत्रिकीतली माझी डॉक्टरेट अखेर कुठेतरी उपयोगी पडली.) काही घरांची दुरुस्ती झाली आहे, काहींची छपरे खाली आली आहेत. अशाच एका घरातल्या कोनाड्यापाशी मुलगा म्हणाला, ‘‘बाबा, राजापूरचं आपलं घरही असंच होणार?’’ मी फोटो काढत राहिलो.

मुक्कामासाठी जवळच समुद्रात भराव घालून केलेले अल मरजान बेट आहे. तिथली हॉटेले शुक्रवार-शनिवारी महाग, मधल्या वारी बरीच परवडतात. दुसऱ्या दिवशी जबल जैसच्या घाटात जा. तिथले शिखर १,९३४ मीटर उंच आहे. स्वेटर विसरू नका. जेवायला माशांचा मचबूस मागवा. तो भात, आणि त्यात ‘लुमी’ म्हणजे वाळवलेले काळे लिंबू. आपल्याला आमसुलाची आठवण व्हावी असा आंबटपणा. ‘कनद’ म्हणजे सुरमई, ‘हमूर’ म्हणजे हेकरूच्या जातीतला मासा. शेवटी खजुराच्या पाकातले गरम लुकैमात. मुलांनी दोन बश्या संपवल्या.

घरी आल्यावर राजापूरला काकांना फोन केला. म्हटले, ‘‘मे महिन्यात कौले परतून घ्या, पैसे पाठवतो.’’ ते म्हणाले, ‘‘वासेही बघावे लागतील रे, तू ये.’’

तिकिटे काढली आहेत.