टाकी काढली, पण पाण्याचे काय?

पेट्रोल पंप बंद पडतो, यंत्रे जातात, जमिनीखालची टाकी उपसून काढली जाते. वर मुरूम पसरून जागा सपाट होते आणि दोन-चार वर्षांत तिथे दुकानांचे गाळे उभे राहतात. लोक म्हणतात, चला, पंप गेला. पण वर्षानुवर्षे पुरलेल्या लोखंडी टाकीला गंज चढून जे थेंब थेंब झिरपलेले असते, ते टाकीबरोबर ट्रकमध्ये बसून जात नाही. ते मातीतच राहते, पावसाच्या पाण्याबरोबर खाली उतरते आणि शेजारच्या विहिरीला किंवा बोअरिंगला मिळते.

अमेरिकेत कॅलिफोर्निया राज्यात, लॉस एंजेलिसला लागून सांता मोनिका नावाचे शहर आहे. १९९५ साली चारनॉक या ठिकाणच्या त्यांच्या विहिरींत एम.टी.बी.ई. हे रसायन सापडले. पेट्रोल नीट जळावे आणि हवा स्वच्छ राहावी म्हणून ते पेट्रोलमध्ये मिसळत असत. (हवा शुद्ध करायला गेले आणि पाणी नासवून बसले!) हे रसायन मातीला चिकटत नाही, पाण्यात चटकन विरघळते आणि दूरवर जाते. १९९६ मध्ये त्याचे प्रमाण अब्जात सहाशे भागांच्या वर गेले. चारनॉक आणि आर्केडिया या दोन्ही ठिकाणच्या विहिरी बंद कराव्या लागल्या. शहराचे जवळजवळ निम्मे पाणी एका वर्षात गेले आणि बाहेरून पाणी विकत घ्यायची पाळी आली. गळती आसपासच्या पंपांच्या टाक्यांची व इंधनवाहिन्यांची होती. कोर्टकचेऱ्या झाल्या, तेल कंपन्यांशी तडजोडी झाल्या, शुद्धीकरण केंद्र उभे राहिले. तरी चारनॉकचे पाणी पुन्हा नळाला यायला २०१० साल उजाडले.

आता कोणी विचारील, एवढी गळती होईपर्यंत पंपवाल्यांना कळले कसे नाही? याचे उत्तर हिशेबाच्या वहीत आहे. रोज सकाळी टाकीत काठी घालून साठा मोजायचा. आदला साठा अधिक आलेला माल वजा विक्री, म्हणजे आजचा साठा. फरक आला तर गळती. वाणिज्य शाखेच्या पहिल्या वर्षाच्या मुलालाही हे जमेल. परंतु अमेरिकेच्या १९८८ च्या नियमांनी महिनाभरात उलाढालीच्या एक टक्का अधिक १३० गॅलन एवढा फरक चालवून घेतला होता. १३० गॅलन म्हणजे सुमारे ४९० लीटर. महिन्याला एक लाख लीटर विकणाऱ्या पंपावर जवळजवळ दीड हजार लीटर पेट्रोल जमिनीत गेले, तरी वही बिनचूक! दुकानदाराच्या दृष्टीने ही किरकोळ घट. पाण्याच्या दृष्टीने काय, ते पाहा. आपल्याकडे आज पेट्रोलमध्ये जास्तीत जास्त एक टक्का बेन्झीन चालते. म्हणजे एका लीटरमध्ये सुमारे पावणेनऊ ग्रॅम. जागतिक आरोग्य संघटनेने पिण्याच्या पाण्यासाठी सुचवलेली बेन्झीनची मर्यादा लीटरला १० मायक्रोग्रॅम आहे. त्या हिशेबाने एक लीटर पेट्रोल पावणेनऊ लाख लीटर पाणी मर्यादेपर्यंत बिघडवू शकते. दहा हजार लीटरचे सत्त्याऐंशी टँकर! बेन्झीनने रक्ताचा कर्करोग होतो हे सिद्ध झालेले आहे.

म्हणून वहीवर विसंबून न राहता थेट पाणीच तपासावे लागते. टाकीच्या जागेभोवती दोन-चार इंची पाइप घालून निरीक्षण विहिरी खोदतात. त्या निदान तीन तरी लागतात, कारण तीन ठिकाणची पातळी मोजल्याशिवाय भूजल कोणत्या दिशेने वाहते ते कळत नाही. एक विहीर प्रवाहाच्या वरच्या अंगाला हवी, म्हणजे मूळचे पाणी कसे होते ते समजते. बाकीच्या खालच्या अंगाला. पेट्रोल हलके असल्याने त्याचा थर पाण्यावर तरंगतो, तो आधी मोजतात. मग पाइपातले साचलेले जुने पाणी उपसून ताजा नमुना काचेच्या छोट्या कुपीत काठोकाठ भरतात. आत हवेचा बुडबुडा राहिला तर बेन्झीन त्यात उडून जाते आणि अहवाल खोटा ‘चांगला’ येतो. कुपी लगेच बर्फात ठेवायची. हे दर तीन महिन्यांनी, काही वर्षे करावे लागते. उन्हाळ्यात पातळी खाली गेली की पेट्रोल वरच्या मातीत अडकून बसते. पावसाळ्यात पाणी चढून त्याला भिडले की आकडा पुन्हा वर जातो. एकाच तपासणीवर ‘पाणी स्वच्छ’ असा दाखला देणारा एक तर अडाणी, नाही तर कोणाचा तरी मिंधा समजावा. आपल्या महाराष्ट्रात बहुतेक ठिकाणी काळा पाषाण आहे, पाणी त्याच्या भेगांतून वाहते. अशा जागी तीन विहिरींनीही भागेलच असे नाही.

घरातल्या भगिनींनी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. तुरटी फिरवणे, फडक्याने गाळणे, ब्लीचिंग पावडर टाकणे हे गढूळपणावर आणि जंतूंवरचे उपाय आहेत. बेन्झीनवर त्यांचा उपयोग नाही. पाणी उकळले तर बेन्झीन वाफेबरोबर स्वयंपाकघरातल्या हवेत येते आणि चुलीजवळ बसलेल्या बाईच्याच नाकात जाते. बंद न्हाणीघरात कढत पाण्याने अंघोळ केली तरी तेच. पाण्याला रॉकेलसारखा वास आला, वर इंद्रधनुष्यी तवंग दिसला, तर ते पाणी पिणे, रांधणे, अंघोळ सारेच थांबवावे. आणि वास येत नाही म्हणून निर्धास्तही राहू नये, कारण मर्यादेच्या कितीतरी वर जाईपर्यंत बेन्झीनचा वास लागत नाही.

केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने जानेवारी २०२० मध्ये नव्या पंपांसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. शाळा, दवाखाने आणि वस्तीपासून ५० मीटर अंतर, जागेची अडचण असेल तिथेही ३० मीटरच्या आत नाही, असे त्यात आहे. हे नव्यांचे झाले. जुन्या, बंद पडलेल्या टाक्या कुठे कुठे होत्या हे बहुधा गावातल्या म्हाताऱ्या माणसांनाच ठाऊक असते. त्यांना विचारून जागांची यादी करावी आणि लगतच्या विहिरी-बोअरिंगची नावे लिहून ग्रामपंचायतीला किंवा नगरपालिकेला व प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या कार्यालयाला अर्ज द्यावा. अर्जात ‘पाणी तपासावे’ एवढेच लिहू नये. नेहमीच्या तपासणीत जंतू, क्षार, नायट्रेट पाहतात. त्यात पेट्रोल सापडत नाही. ‘बेन्झीन, टोल्युइन, इथाइलबेन्झीन व झायलीन यांची तपासणी व्हावी’ असे नावानिशी लिहावे, नक्कल ठेवावी आणि पोचेवर शिक्का व आवक क्रमांक घेतल्याशिवाय टेबल सोडू नये.