जुन्या सर्व्हरवर विंडोज चढेना? भंगारात देण्याआधी हे तपासा

सुरगाणा : शाळा, सोसायटी किंवा सेवा केंद्रासाठी कमी पैशात जुना, दोन प्रोसेसरवाला सर्व्हर घेतला, पण विंडोज टाकायला बसलं की गाडी अडते. मग मशीन गाडीत घालून नाशिकला न्यायचं, त्यात दिवस आणि भाडं जातं. बऱ्याचदा बिघाड मोठा नसतो. क्रमाने तपासा.

आधी डेटा वाचवा. डिस्कवर दाखले, हिशेब, नोंदी असतील तर बाहेरच्या हार्ड डिस्कवर कॉपी घ्या आणि ती दुसऱ्या कॉम्प्युटरवर उघडून बघा. चुकीचं पार्टिशन फॉरमॅट झालं की माहिती परत मिळेलच असं नाही.

डिस्कच दिसत नाही? सर्व्हरच्या डिस्क बहुतेक वेळा रेड कंट्रोलरला जोडलेल्या असतात आणि विंडोजकडे त्याचा ड्रायव्हर नसतो. मॉडेल नंबर बघून कंपनीच्या साइटवरून ड्रायव्हर घ्या, पेनड्राइव्हवर टाका आणि ‘लोड ड्रायव्हर’ दाबा. रेडच्या मेनूत ‘इनिशियलाइज’ किंवा ‘डिलीट’ला हात लावू नका, डेटा जाईल.

पेनड्राइव्हवरून सुरूच होत नाही? जुन्या मशीनमध्ये यूईएफआय नसतं, साधं बायोस असतं. रुफस वापरून पेनड्राइव्ह बनवताना ‘जीपीटी’ऐवजी ‘एमबीआर’ निवडा. मात्र एमबीआर डिस्कची २ टीबीपर्यंतचीच जागा वापरता येते.

मध्येच बंद पडतं? वीज काढून रॅमची एकेक पट्टी लावून बघा. तरीही तेच, तर दुसरा प्रोसेसर काढून बघा. त्यावेळी रॅम पहिल्या प्रोसेसरच्या खाचेतच हवी. जमत नसेल तर हे काम जाणकाराकडूनच करून घ्या. इन्स्टॉल करताना यूपीएस लावा, कारण मध्येच लाइट गेली तर काम पहिल्यापासून करावं लागतं.

एकच प्रोसेसर दिसतो? हा बिघाड नाही. विंडोज १० होम एकच प्रोसेसर चिप वापरतं, प्रो दोन वापरतं. एका चिपमध्ये कितीही कोअर असले तरी हा हिशेब चिपचाच. ३२ बिटची विंडोज असेल तर रॅमही ४ जीबीपर्यंतच चालते, म्हणून ६४ बिटचीच टाका.

आता मुख्य प्रश्न, टाकायचं काय? विंडोज १०चा मोफत सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. विंडोज ११ला टीपीएम २.० आणि नवा प्रोसेसर लागतो, त्यामुळे जुन्या सर्व्हरवर ती अधिकृतपणे बसत नाही. सुरक्षा अपडेट नसलेल्या मशीनवर लोकांची कागदपत्रं ठेवणं धोक्याचं आहे.

अशा वेळी लिनक्स बघा. उबुंटू किंवा सी-डॅकने बनवलेलं बॉस लिनक्स फुकट मिळतं, दोन्ही प्रोसेसर वापरतं आणि मराठीतही चालतं. फक्त तुमचं बिलाचं किंवा हिशेबाचं सॉफ्टवेअर त्यावर चालतं का, हे आधी विचारून घ्या. आणि जुना सर्व्हर वीज जास्त खातो, हेही खरेदीपूर्वी धरून चाला.