लहान सायकल आणि पाण्याची बाटली

मूल म्हणजे प्रौढ माणसाची छोटी प्रतिकृती नव्हे, हे बालरोगशास्त्राचे मूलभूत सूत्र. औषधाची मात्रा ठरवताना आपण ते कटाक्षाने पाळतो. मुलाच्या सायकलीला पाण्याची बाटली जोडताना मात्र त्याचा विसर पडतो.

उन्हाळ्यात हैदराबादचा पारा चाळिशीला टेकतो. सुटीत हिमायतनगरातील मुले सकाळीच सायकली बाहेर काढतात. काही जण पालकांसमवेत बाह्य वळणरस्त्यालगतच्या, २०२३ मध्ये खुल्या झालेल्या २३ किलोमीटरच्या सौरछत सायकलमार्गावरही जातात. नऊ ते बारा वर्षांच्या मुलाने व्यायाम करताना दर वीस मिनिटांस १०० ते २५० मिलिलिटर पाणी प्यावे, असे अमेरिकेच्या बालरोगतज्ज्ञ संघटनेने २०११ मध्ये सुचविले. म्हणजे तासाभराच्या फेरीसाठी अर्ध्या लिटरची बाटली हवीच.

ती बहुधा पिशवीत घालून हँडलला अडकवली जाते. धोका तेथेच आहे. वळण घेताना झोके खाणारी पिशवी पुढच्या चाकाच्या तारांत अडकली, की चाक जागीच थांबते आणि मूल पुढे फेकले जाते. हँडलचे टोक पोटावर आदळले, तर बाहेर किरकोळ व्रण दिसूनही आत प्लीहा, यकृत वा स्वादुपिंडास गंभीर इजा झालेली असू शकते, हे वैद्यकबंधूंना सांगावयास नको.

यावर उपाय म्हणजे फ्रेमवर बसवलेला बॉटल होल्डर. अडचण अशी, की सायकल लहान झाली तरी होल्डर लहान होत नाही. त्याच्या दोन स्क्रूंमधले अंतर ६४ मिलिमीटर, बाटलीचा व्यास सुमारे ७३ मिलिमीटर. ही मापे मोठ्यांच्या सायकलीचीच. छोट्या फ्रेमच्या त्रिकोणात बाटली बसते, पण वर ओढून काढताना दांडीला अडते. अशा वेळी बाजूने बाटली निघणारा होल्डर घ्यावा आणि बाटली आखूड निवडावी. फ्रेमवर स्क्रूची छिद्रे नसल्यास पातळ नळीला नवी पाडून घेऊ नयेत. नळी दुबळी होते. त्याऐवजी रबराची पट्टी गुंडाळून त्यावर पट्ट्याचा क्लॅम्प आवळावा. जागा शक्यतो खालच्या तिरप्या नळीवर असावी, म्हणजे वजन खाली राहून तोल टिकतो. मग मुलाला सायकलीवर बसवून पॅडल पूर्ण फिरवून पाहावे, हँडल दोन्हीकडे वळवावे. गुडघा, पाऊल किंवा चाक बाटलीला लागता कामा नये.

राहिला प्रश्न पाणी पिण्याचा. एका हाताने सायकल सावरण्याचे कौशल्य लहान मुलाला अजून साधलेले नसते. म्हणून थांबावे, दोन्ही पाय जमिनीवर टेकवावेत आणि मगच बाटली तोंडाला लावावी. सायकल विकत घेताना पालक घंटी आणि रंग पाहतात. त्याच वेळी बाटलीची जागाही पाहावी, एवढीच विनंती.