मानेवरचा मळ निघत नसेल तर

सातारा-सांगलीकडे नातवंडं सुट्टीला आली की आजीचं निदान ठरलेलं. बारीक असेल तर ‘किती वाळलंय पोर!’ आणि गाल भरलेले असतील तर मीठ-मोहरीनं दृष्ट. गुटगुटीत म्हणजे निरोगी, काटकुळ्याला हृदयविकाराची भीती नाही, हे दोन्ही गैरसमज त्या एका नजरेतले.

पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांतल्या मातांचा आणि त्यांच्या बाळांचा अभ्यास केला. ही बाळं सरासरी २.७ किलोची, तर इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनची ३.५ किलोची. कमी होते ते मुख्यतः स्नायू. पाठीवरच्या चरबीत मात्र फारसा फरक नव्हता. पुढे याज्ञिकांनी २००४ साली स्वतःचाच दाखला छापला. त्यांचा आणि लंडनच्या जॉन युडकिन यांचा बीएमआय सारखाच, २२.३. चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के, याज्ञिकांची २१.२! २०१६-१८ च्या समग्र राष्ट्रीय पोषण सर्वेक्षणातही १० ते १९ वयाची सुमारे ५ टक्के मुलं वजनदार निघाली, पण रक्तात ट्रायग्लिसराइड नावाची चरबी वाढलेली मुलं होती १६ टक्के.

म्हणून वजनकाट्याइतकीच शिंप्याची टेप महत्त्वाची. सहा वर्षांपुढच्या मुलाची कंबर उंचीच्या निम्म्याहून कमी हवी. उंची १३० सेंटिमीटर तर कंबर ६५ च्या आत. तीन वर्षांनंतर वर्षातून एकदा रक्तदाबही मोजावा. वाढलेला रक्तदाब हा मोठ्यांचाच आजार, हाही गैरसमजच.

मानेवरच्या काळ्या पट्ट्याला बायका मळ समजून डाळीचं पीठ लावून घासतात. पोर रडतं, पट्टा जात नाही. जाड मुलात तो बहुधा इन्सुलिन नीट काम करत नसल्याची खूण असतो. त्वचेच्या मलमावर पैसे घालवण्याआधी बालरोगतज्ज्ञांकडून साखर आणि चरबी तपासून घ्यावी.

‘तालमीत घातला की जिरेल’ हे अर्धंच खरं. व्यायाम रोज तासभर हवाच, पण खुराकाच्या नावाखाली तूप-बदाम आणि वर कंदी पेढे चालू राहिले तर काय जिरणार? आणि पैलवान म्हणजे जाडच असंही नाही. कराडजवळच्या गोळेश्वरच्या खाशाबा जाधवांनी १९५२ साली हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये कुस्तीचं कांस्यपदक जिंकलं ते ५७ किलोच्या गटात.

एकदा जाड झालं की धोका जन्माचा, असंही नाही. २०११ साली चार दीर्घकालीन अभ्यासांतल्या ६,३२८ जणांची माहिती एकत्र तपासली गेली. लहानपणी जाड असून मोठेपणी लठ्ठ न राहिलेल्यांचा मधुमेह-रक्तदाबाचा धोका कधीच जाड नसलेल्यांइतकाच निघाला. वाढत्या वयात पोराला उपाशी ठेवायची गरज नसते. बऱ्याचदा वजन आहे तिथंच थोपवलं, तर उंची उरलेलं काम करते.