चांदीपासून युरेनियमपर्यंत: जर्मनीतील एर्ट्सगेबिर्गे

जर्मनीच्या सॅक्सनी राज्यात, चेक प्रजासत्ताकाच्या सीमेला लागून एर्ट्सगेबिर्गे हा डोंगराळ जिल्हा आहे. २००८ मध्ये चार जुने जिल्हे एकत्र करून तो तयार झाला. आनाबेर्ग-बुखहोल्त्स हे त्याचे मुख्यालय. येथील हिवाळा कडक आणि जमीन हलकी. एवढ्या उंचावर शहरे वसली ती शेतीमुळे नव्हे, तर खाणींमुळे.

पंधराव्या शतकाच्या अखेरीस येथे चांदी सापडली आणि १४९६ मध्ये आनाबेर्गची स्थापना झाली. १५२१ मध्ये मारिएनबेर्ग हे शहर मधोमध चौक आणि काटकोनात रस्ते अशा आखणीने वसवले गेले. त्याच वर्षीच्या, आनाबेर्गच्या सेंट ॲन चर्चमधील वेदीच्या मागील बाजूस खाणकामापासून नाणी पाडण्यापर्यंतची कामे चितारलेली आहेत. खाणींचा व्याप वाढला तशी हिशेबनीसांची गरज वाढली. प्रसिद्ध गणिती आडाम रीस येथील खाण खात्यात हिशेब पाहत असे. त्याने सामान्यांसाठी जर्मन भाषेत लिहिलेल्या पुस्तकांमुळे भारतीय-अरबी अंकांनी आकडेमोड करण्याची पद्धत रुळली.

धातूचे उत्पन्न घटले, तेव्हा लोक लेस विणण्याकडे आणि लाकूडकामाकडे वळले. झाइफेन या कथिलाच्या खाणींच्या गावात खेळणी बनू लागली. तेथील कारागीर लेथवर लाकडाचे कडे कातून त्याचे उभे काप काढतात. प्रत्येक काप म्हणजे एका प्राण्याची आकृती असते. नाताळात खिडक्यांत मेणबत्त्यांच्या कमानी आणि खाणकामगारांच्या लाकडी बाहुल्या मांडल्या जातात.

योहानगेओर्गेनश्टाट येथील खनिजाच्या अभ्यासातून १७८९ मध्ये क्लाप्रोट या रसायनशास्त्रज्ञाने युरेनियमचा शोध लावला. दुसऱ्या महायुद्धानंतर सोव्हिएत संघाने अणुबाँबसाठी येथे युरेनियम काढायला सुरुवात केली. १९९० पर्यंत ‘विस्मुट’ कंपनीने सॅक्सनी आणि थुरिंगियातून सुमारे २,३१,००० टन युरेनियम काढले. त्याची किंमत कामगारांनी फुप्फुसांच्या विकारांनी चुकवली. योहानगेओर्गेनश्टाटचा बहुतेक जुना भाग पाडावा लागला. खाणी बंद झाल्यावर दूषित ढिगारे आणि पाणी यांच्या शुद्धीकरणाचे काम सरकारी खर्चाने हाती घेण्यात आले.

२०१९ मध्ये युनेस्कोने या डोंगररांगेतील खाण परिसराला जागतिक वारसा यादीत स्थान दिले. त्यात जर्मनीतील १७ आणि चेक प्रजासत्ताकातील ५ ठिकाणे असून खाणी, भट्ट्या, पाण्याचे पाट आणि खाणींभोवती वाढलेली शहरे यांचा समावेश आहे.