पेसमेकर आपली तार कशी ओळखतो?



घर कोल्हापूरच्या शिवाजी पेठेत आणि ऊस पंचगंगेकाठी, अशी कुटुंबे आमच्याकडे पुष्कळ. अशाच एका शेजारच्या आजोबांना पेसमेकर बसवला होता. “यंत्र ऑटोमॅटिक आहे, आता दवाखाना कशाला?” म्हणून त्यांनी तपासणीच सोडली. मी शेतीतला माणूस, डॉक्टर नव्हे. पण त्यांना जे सांगितले, तेच तुम्हांलाही सांगतो.

हृदयाचे ठोके फार मंदावले, की पेसमेकर विजेचा सूक्ष्म झटका देऊन ठोका पाडतो. माणसाच्या शरीरात असे यंत्र प्रथम १९५८ साली स्वीडनमध्ये बसवले. ते काही तासांतच बंद पडले. पण यंत्रे बदलत तो रुग्ण, आर्ने लार्सन, २००१ पर्यंत जगला.

यंत्र छातीवर कातडीखाली असते. तिथून ‘लीड’ नावाची तार शिरेतून हृदयात जाते. एकेरी तारेतील वीज यंत्राच्या धातूच्या पेटीतून परतते. दुहेरी तारेच्या टोकाशी दोन धातूबिंदू असतात. वीज तिथल्या तिथे फिरते. आता अनेक यंत्रे तारेची जात स्वतःच ओळखतात. वाइंडर मीटर लावून मोटारीची केबल तपासतो ना, तसे यंत्र तारेचा विद्युत अवरोध मोजते. तो ठराविक मर्यादेत आला, की तार जोडली गेली हे त्याला कळते. दोन्ही बिंदूंमधला मार्ग पुरा दिसला तर दुहेरी, नाहीतर एकेरी. काही यंत्रे ३० मिनिटे पुनःपुन्हा तपासून मगच जुळणी पक्की करतात.

पुढेही मोजणी चालूच राहते. अवरोध एकदम वाढला तर तार तुटली किंवा जोड सैल झाला असावा. फार उतरला तर आवरण फाटले असावे. यंत्र याची नोंद ठेवते, पण तार दुरुस्त करू शकत नाही. ती नोंद डॉक्टरांनीच वाचायला हवी.

म्हणून तपासणीची तारीख चुकवू नका. पेसमेकरचे कार्ड खिशात ठेवा. यंत्र बसवल्यावर डॉक्टर सांगतील तितके आठवडे त्या बाजूच्या हाताने उसाची मोळी उचलू नका. तार जागची हलू शकते. चक्कर आली, तर उन्हाने आली म्हणून अंगावर काढू नका.

आजोबा अखेर तपासणीला गेले. तार ठणठणीत होती. बॅटरी मात्र संपत आली होती. वेळेत कळले, म्हणून निभावले.